गेटपासून पोर्टपर्यंत : डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स हाताने शिकवणारी पुस्तके

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स या विषयाचे दोन भाग आहेत आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला त्यांतला एकच येतो. पहिला भाग कागदावरचा आहे : शून्य आणि एक या दोनच किमती, त्यांच्यावर चालणारे जॉर्ज बूल यांचे बीजगणित, सत्यता सारण्या, मॉरिस कार्नॉ यांनी १९५३ मध्ये मांडलेले नकाशे आणि त्यांच्या साहाय्याने आटोपशीर केलेली समीकरणे. दुसरा भाग तारांचा आहे. तेथे पाच व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या टीटीएल जातीच्या चिपला ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब शून्य वाटतो, २ व्होल्टपासून पुढचा दाब एक वाटतो आणि मधल्या पट्ट्यात ती काय उत्तर देईल याची हमी तिचा उत्पादकही देत नाही. दोन चिपा, चिप आणि मोटर, किंवा संगणक आणि तापमापक एकमेकांना जोडताना त्यांचे दाब, त्यांचे विद्युतप्रवाह आणि त्यांच्या वेळा जुळवून देण्याच्या कामाला इंटरफेसिंग म्हणतात, आणि हे काम संपूर्णपणे या दुसऱ्या भागात मोडते. म्हणून या विषयाचे प्रात्यक्षिक पुस्तक निवडताना ते समीकरणाच्या पलीकडे जाऊन व्होल्ट, मिलिअँपिअर आणि नॅनोसेकंद यांच्याविषयी बोलते का, हे आधी पाहावे.

पदविका आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत अनेक वर्षे वापरली गेलेली आल्बर्ट माल्व्हिनो व डोनाल्ड लीच यांचे ‘डिजिटल प्रिन्सिपल्स अँड ॲप्लिकेशन्स’ आणि आर. पी. जैन यांचे ‘मॉडर्न डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स’ ही पुस्तके पहिल्या भागासाठी भक्कम आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. लॉजिक फॅमिलींवरचे, म्हणजे एकाच पद्धतीने घडवलेल्या आणि एकमेकांशी सहज जुळणाऱ्या चिपांच्या कुळांवरचे प्रकरण अशा पाठ्यपुस्तकांत असतेच. पण परीक्षेच्या रेट्यात ते व्याख्यांपुरते उरते, आणि फ्लिप-फ्लॉपची उत्तेजन सारणी बिनचूक लिहिणारा विद्यार्थी ब्रेडबोर्डवर साधा एलईडी लावताना अडतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. पाठ्यपुस्तक ज्या प्रश्नांसाठी लिहिलेले असते त्याच प्रश्नांची उत्तरे ते देते. टेबलावर उभ्या राहणाऱ्या प्रश्नांसाठी वेगळ्या हातांनी लिहिलेली पुस्तके लागतात.

अशी पुस्तके १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या संख्येने निर्माण झाली, आणि त्यामागे एक ठोस कारण होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९६४ मध्ये ५४०० ही लष्करी उपयोगाची टीटीएल मालिका आणि पुढे १९६६ मध्ये प्लॅस्टिकच्या आवरणातली स्वस्त ७४०० मालिका बाजारात आणली. टीटीएल म्हणजे ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक, ज्यात गेटचा निर्णय आणि त्याच्या आउटपुटचे बळ ही दोन्ही कामे ट्रान्झिस्टरच करतात. या मालिकेने गेट, फ्लिप-फ्लॉप, काउंटर आणि डीकोडर हे सगळे एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर, एकमेकांना थेट जोडता येतील अशा रूपात दिले, त्यामुळे ज्याने ट्रान्झिस्टरचे सर्किट कधी रचले नव्हते त्यालाही घड्याळ किंवा वारंवारतामापक बनवणे शक्य झाले. कंपन्यांनी अभियंत्यांसाठी जाडजूड डेटाबुके छापली होती. पण डेटाबुक चिप काय आहे ते सांगते, तिचे काय करावे ते सांगत नाही.

ती उणीव डॉन लँकेस्टर यांच्या ‘टीटीएल कुकबुक’ने १९७४ मध्ये भरून काढली, आणि १९७७ मध्ये त्याला सीमॉस या दुसऱ्या लॉजिक कुळावरच्या ‘सीमॉस कुकबुक’ची जोड मिळाली. ‘टीटीएल कुकबुक’च्या सुरुवातीच्या भागात एकेका चिपसाठी मोजकी जागा आहे : पायांची मांडणी, चिप काय करते, कोणता पाय मोकळा सोडू नये, किती वेगाने चालते आणि किती प्रवाह खाते. पुढची प्रकरणे गेट, टायमर, घड्याळाच्या ठोक्यावर चालणारे फ्लिप-फ्लॉप, भागाकार करणारे काउंटर आणि शिफ्ट रजिस्टर अशी चढत जातात. लँकेस्टर यांचा खरा गुण असा की ते प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण सांगतात. प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर का लावायचा, याचे उत्तर असे की टीटीएल गेट अवस्था बदलताना अत्यल्प काळ मोठा प्रवाह ओढते, लांब तारेतून तो प्रवाह वेळेवर पोचत नाही, पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येतो आणि त्या झटक्याला शेजारचा काउंटर ठोका समजून पुढे सरकतो. हे कारण एकदा समजले की कपॅसिटर विसरला जात नाही.

हे पुस्तक भारतात वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकेतल्या घरगुती विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असल्यामुळे तिकडच्या तत्कालीन पुस्तकांतली घड्याळे विजेच्या तारेतून ठोके घेतात आणि त्यांना ६० ने भागून सेकंद मिळवतात. त्यासाठी ७४९२ या चिपमधला सहाने भागणारा भाग आणि ७४९० चा दहाने भागणारा काउंटर असे एकापुढे एक जोडले जातात. भारतातल्या ५० हर्ट्झसाठी ७४९२ च्या जागी दुसरी ७४९० घेऊन तिचा पाचने भागणारा भाग वापरावा लागतो. पुस्तकातले सर्किट जसेच्या तसे न उतरवता ते का तसे आहे हे पाहून बदलण्याचा हा अगदी साधा आणि तरीही पूर्ण धडा आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्गच्या विद्यापीठातून ‘बगबुक’ नावाची पुस्तकमाला सुरू झाली. कीटकासारख्या दिसणाऱ्या चिपांना तेथे ‘बग’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. लेखक होते पीटर रोनी आणि डेव्हिड लार्सन, आणि पुढे त्यांना जॉनथन टायटस येऊन मिळाले, ज्यांच्या मार्क-८ या घरी जोडायच्या संगणकाची माहिती जुलै १९७४ मध्ये ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात आली होती. विशेष म्हणजे ही मंडळी रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी या विभागांतली होती. त्यांना प्रयोगशाळेतल्या उपकरणांची मापे संगणकात घ्यायची होती, आणि ती गरज त्यांच्या लिखाणात सर्वत्र जाणवते. मालेतली पहिली दोन पुस्तके म्हणजे टीटीएल चिपांवरच्या प्रयोगांची क्रमवार वही आहे, तर १९७५ च्या तिसऱ्या भागात ८०८० या मायक्रोप्रोसेसरला बाहेरची साधने जोडण्याचे प्रयोग आहेत. प्रत्येक प्रयोगात काय जोडायचे, काय निरीक्षण करायचे आणि त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो, हे स्वतंत्रपणे मांडलेले आहे. विद्यार्थ्याला उत्तर आधी देऊन नंतर त्याचा पडताळा घ्यायला लावणाऱ्या आपल्याकडच्या प्रयोगवह्यांहून ही रीत अगदी उलटी आहे. आज ही पुस्तके जुन्या ग्रंथालयांत किंवा जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांकडेच मिळतील, परंतु प्रयोग कसा रचावा हे शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने त्यांतले निदान एक नजरेखालून घालावे.

अगदी कोऱ्या पाटीने येणाऱ्या वाचकासाठी फॉरेस्ट मिम्स यांचे ‘गेटिंग स्टार्टेड इन इलेक्ट्रॉनिक्स’ (१९८३) आजही पहिले पुस्तक ठरू शकते. रेडिओ शॅक या दुकानांच्या साखळीसाठी तयार केलेले हे पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत हाताने लिहिलेले आणि हाताने चितारलेले आहे, वाक्ये छोटी आहेत आणि प्रत्येक कल्पनेशेजारी तिचे चित्र आहे, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या व इंग्रजी तांत्रिक गद्याला बिचकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते जड जात नाही. चार्ल्स प्लॅट यांचे ‘मेक : इलेक्ट्रॉनिक्स’ (२००९) हे त्याच वाटेवरचे अलीकडचे पुस्तक, त्यात आधी प्रयोग आणि मग सिद्धान्त असा क्रम आहे आणि जुना एलईडी मुद्दाम जास्त प्रवाह देऊन जाळून पाहण्यालाही अभ्यासाचे स्थान आहे. या दोन्ही पुस्तकांत डिजिटल भाग मर्यादित आहे, पण मल्टिमीटर हातात धरण्याची भीती ती नक्की घालवतात.

या सर्व पुस्तकांच्या वर एक मोठा ग्रंथ उभा आहे, आणि त्याच्याविषयी थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. पॉल होरोविट्झ आणि विनफिल्ड हिल यांच्या ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ची पहिली आवृत्ती केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८० मध्ये, दुसरी १९८९ मध्ये आणि तिसरी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली, तिसरीची पृष्ठसंख्या बाराशेच्या पुढे गेली आहे. हा ग्रंथ हार्वर्ड विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या एका प्रयोगप्रधान अभ्यासक्रमातून घडला, आणि त्याचे लेखकही उपकरणे बनवून वापरणारे वैज्ञानिक होते, म्हणजे ब्लॅक्सबर्गच्या रसायनशास्त्रज्ञांचीच जातकुळी. त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य असे की ते गणिताचा आधार पुरेसा घेतात, पण सर्किटकडे पाहून अंदाज बांधण्याची सवय लावण्यावर त्यांचा भर असतो. दुसऱ्या आवृत्तीत प्रकरणांच्या शेवटी बिघडलेल्या सर्किटांच्या आकृत्या आहेत आणि त्यांत काय चुकले आहे हे मुद्दाम सांगितलेले नाही. त्या आकृत्यांपुढे तासभर बसणे हा कुठल्याही परीक्षेपेक्षा कठोर अभ्यास आहे.

इंटरफेसिंगच्या दृष्टीने तिसरी आवृत्ती अधिक मोलाची ठरते, कारण तिच्यात एका लॉजिक कुळाला दुसऱ्या कुळाशी आणि बाहेरच्या जगाशी जोडण्याला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. आजच्या टेबलावर वारंवार उद्भवणारा एक प्रश्न येथे उदाहरणादाखल घेता येईल. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरने ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी मालिकेतल्या चिपला आज्ञा द्यायची आहे. एचसी मालिका सीमॉस पद्धतीची असल्यामुळे ती पुरवठ्याच्या सुमारे ७० टक्के दाबाला, म्हणजे ३.५ व्होल्टला, खात्रीने ‘एक’ मानते; मायक्रोकंट्रोलर मात्र ३.३ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. असे सर्किट टेबलावर पुष्कळदा चालते, कारण खोलीच्या तापमानाला बहुतेक चिपा अडीच व्होल्टच्या आसपासच निर्णय बदलतात, आणि दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या चिपवर तेच सर्किट दगा देऊ शकते. उपाय सोपा आहे : ७४एचसीटी ही मालिका वापरायची, जिच्या इनपुटला टीटीएलप्रमाणे २ व्होल्ट पुरतात. चालणारे सर्किट आणि चालण्याची हमी असलेले सर्किट यांतला हा फरक जे पुस्तक शिकवते, त्याची किंमत कितीही असली तरी ते महाग नाही.

तरीही ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ हा पहिल्या वाचनाचा ग्रंथ नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिल्या पानापासून तो वाचायला घेणारे बहुतेक वाचक ट्रान्झिस्टरच्या प्रकरणात थकून थांबतात. त्याला जोडूनच टॉम हेज यांनी होरोविट्झ यांच्यासह लिहिलेले ‘लर्निंग द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ (२०१६) घ्यावे, ज्यात संपूर्ण अभ्यास दिवसांच्या हिशेबाने मांडलेला असून प्रत्येक दिवसाला टिपणे, प्रयोग आणि सोडवलेली उदाहरणे आहेत. त्याच्या उत्तरार्धात विद्यार्थी ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर, बाहेरची मेमरी आणि पत्त्यांचे डीकोडर स्वतःच्या हाताने ब्रेडबोर्डांवर जोडून एक छोटा संगणक उभा करतो. ग्रंथ आणि प्रयोगपुस्तक एकमेकांशेजारी उघडे ठेवून चालणे हाच या जोडीचा योग्य उपयोग आहे.

पुस्तकांच्या या यादीत एक असे वाचन घालावे लागते ज्याला लेखक नसतो, ते म्हणजे चिपच्या उत्पादकाने दिलेली माहितीपत्रिका, जिला सगळे डेटाशीटच म्हणतात. प्रात्यक्षिक पुस्तकाने शेवटी वाचकाला डेटाशीटपर्यंत पोचवायचे असते, आणि तेथे पोचलेला वाचक साधे गणित करून निर्णय घेऊ लागतो. मूळ ७४ मालिकेतल्या गेटचे आउटपुट शून्यावर असताना १६ मिलिअँपिअर प्रवाह आत ओढू शकते, आणि तिच्या प्रत्येक इनपुटातून शून्यावर १.६ मिलिअँपिअर बाहेर येतात. म्हणून एका आउटपुटावर दहा इनपुट चालतात, आणि या संख्येला फॅन-आउट म्हणतात. एलएस या पुढच्या मालिकेत हे आकडे ८ आणि ०.४ मिलिअँपिअर असल्याने फॅन-आउट वीस होतो. पण एलएसच्या आउटपुटावर जुन्या ७४ मालिकेचे इनपुट लावले तर फक्त पाचच चालतात. हेच आउटपुट एकवर असताना देऊ शकते तो प्रवाह मात्र मिलिअँपिअरच्याही अंशांत मोजावा लागतो, आणि म्हणूनच जुन्या सर्किटांत एलईडी गेट आणि जमीन यांच्यामध्ये न लावता पुरवठा आणि गेट यांच्यामध्ये लावलेला दिसतो : आउटपुट शून्य झाले की तो पेटतो, आणि ३३० ओहमचा रेझिस्टर त्याच्याशी एकसर जोडलेला असेल तर लाल एलईडीमधून सुमारे ८ मिलिअँपिअर वाहतात, जे एलएस गेटच्या मर्यादेत बसते. व्याख्या म्हणून पाठ केलेला फॅन-आउट आणि असा हिशेबाने गाठलेला फॅन-आउट यांत ज्ञानाचा फरक आहे.

गेटांकडून प्रोसेसरकडे जाण्याचा पूल बांधणारे सर्वांत सुंदर पुस्तक माल्व्हिनो यांचे ‘डिजिटल कॉम्प्युटर इलेक्ट्रॉनिक्स’ हे होय. त्यात सॅप-१ नावाचा एक काल्पनिक तरीही प्रत्यक्ष बांधता येणारा संगणक आहे. त्याची मेमरी सोळा बाइटांची, आज्ञा पाचच – आकडा आणणे, मिळवणे, वजा करणे, बाहेर दाखवणे आणि थांबणे – आणि त्याचे सर्किट ७४ मालिकेतल्या चिपांसह पूर्ण दिलेले आहे. पुढची सॅप-२ आणि सॅप-३ ही रूपे वाचकाला हळूहळू ८०८० आणि ८०८५ या खऱ्या प्रोसेसरांच्या उंबरठ्यावर आणून सोडतात. ज्याने सॅप-१ च्या नियंत्रण विभागातल्या ठोक्याठोक्याला कोणती तार वर जाते हे पाहिले, त्याला प्रोसेसर हे कधीही गूढ वाटत नाही. चार्ल्स पेटझोल्ड यांचे ‘कोड’ (१९९९) आणि नोआम निसान व शिमॉन शॉकेन यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ कॉम्प्युटिंग सिस्टिम्स’ (२००५) ही पुस्तके हाच प्रवास वेगळ्या रीतीने घडवतात आणि अत्यंत वाचनीय आहेत. परंतु पहिले केवळ वाचायचे आणि दुसरे संगणकावरच्या नकली हार्डवेअरवर सोडवायचे असल्याने तारांचा भाग त्यांत येत नाही.

इंटरफेसिंग हा शब्द ज्यांच्यामुळे भारतीय वर्गांत रूढ झाला त्या पुस्तकांमध्ये रमेश गावकर यांचे ८०८५ वरचे पुस्तक अग्रभागी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज येथील महाविद्यालयात शिकवणाऱ्या गावकरांचे हे पुस्तक १९८४ मध्ये अमेरिकेत निघाले आणि त्याची भारतीय आवृत्ती मुंबईच्या पेनराम इंटरनॅशनल या प्रकाशनाने काढल्यामुळे ते येथील विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडले. इंटेलने १९७६ मध्ये आणलेला ८०८५ आज कोणत्याही नव्या यंत्रात वापरला जात नाही, मग त्याचे पुस्तक कशाला वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच्या उघडेपणात आहे. या प्रोसेसरच्या पोटात ना मेमरी असते ना पोर्ट, त्यामुळे प्रत्येक गोष्ट बाहेरून जोडावी लागते आणि जोडताना समजून घ्यावी लागते. पत्त्याच्या खालच्या आठ तारा आणि माहितीच्या आठ तारा एकाच पायांवर आळीपाळीने येतात, म्हणून ७४३७३ हे लॅच लावून पत्ता वेगळा धरून ठेवावा लागतो; सोळा पत्तारेषांतून कोणत्या चिपला कधी जागे करायचे हे ७४१३८ या तीनातून आठ करणाऱ्या डीकोडरने ठरवावे लागते; आणि मेमरीची चिप पुरेशी वेगवान नसेल तर प्रोसेसरला थांबायला सांगावे लागते. गावकर हे सगळे हार्डवेअर आधी, मग प्रोग्रॅमिंग आणि मग बाह्य साधनांची जोडणी अशा तीन भागांत मांडतात, आणि प्रत्येक ठिकाणी कालाकृती, म्हणजे कोणत्या तारेवर कोणत्या क्षणी काय असते याचा आलेख, वाचायला शिकवतात. कालाकृती वाचता येणे हे या शास्त्रातले खरे साक्षर होणे आहे.

याच पुस्तकातून भेटणारी ८२५५ ही चाळीस पायांची चिप इंटरफेसिंगच्या शिक्षणात फार उपयोगी पडते. तिच्यात आठ-आठ तारांचे ए, बी आणि सी असे तीन पोर्ट असतात, आणि नियंत्रण रजिस्टरमध्ये एक बाइट लिहून कोणता पोर्ट बाहेर पाठवणारा आणि कोणता आत घेणारा हे ठरवता येते; सोळाच्या पायातली ८० ही संख्या लिहिली की तिन्ही पोर्ट आउटपुट होतात. साध्या पद्धतीखेरीज तिची एक हस्तांदोलनाची पद्धतही आहे, जिच्यात देणारा ‘माहिती ठेवली’ असे एका तारेवर कळवतो आणि घेणारा ‘मिळाली’ असे दुसऱ्या तारेवर उत्तर देतो. प्रिंटर आणि संगणक यांच्यासारख्या वेगवेगळ्या चालीच्या दोन यंत्रांत माहिती हरवू नये म्हणून योजलेली ही व्यवस्था आजच्या यूएसबीतही अधिक गुंतागुंतीच्या रूपाने हजर आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेले डग्लस हॉल यांचे ‘मायक्रोप्रोसेसर्स अँड इंटरफेसिंग’ ८०८६ या सोळा बिटांच्या प्रोसेसरच्या आधारे हीच वाट पुढे नेते. त्याची जमेची बाजू म्हणजे कळफलक, स्टेपर मोटर, वजनकाटा आणि कारखान्यातले प्रक्रिया-नियंत्रण अशी पूर्ण उदाहरणे, आणि बिघाड शोधण्याची शिस्त. सर्किट चालत नसेल तर आधी पुरवठा, मग घड्याळ, मग रीसेट, असा क्रम ते अंगवळणी पाडते.

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे ज्या एकाच चिपमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि पोर्ट असतात ती, शिकण्यासाठी भारतात दीर्घकाळ ८०५१ हाच आधार राहिला. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या या चिपमध्ये ४ किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, दोन टायमर आणि बत्तीस इनपुट-आउटपुट तारा होत्या. केनेथ आयला यांचे पुस्तक तिची अंतर्गत रचना चांगली उलगडते, पण बाहेरची साधने जोडायची असतील तर मुहम्मद अली माझिदी यांचे ‘द ८०५१ मायक्रोकंट्रोलर अँड एम्बेडेड सिस्टिम्स’ अधिक उपयोगी आहे. त्यातला तापमानाचा प्रयोग नमुनेदार आहे : एलएम३५ हा संवेदक प्रत्येक अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, आठ बिटांच्या ॲनालॉग-डिजिटल परिवर्तकाला २५६ पायऱ्या असतात, म्हणून परिवर्तकाचा संदर्भदाब २.५६ व्होल्ट ठेवला की एक पायरी बरोबर १० मिलिव्होल्टची होते आणि वाचलेला आकडा हाच थेट अंश ठरतो. हार्डवेअरमधला एक दाब नीट निवडल्याने सॉफ्टवेअरमधला गुणाकार-भागाकार पूर्ण वाचतो, आणि इंटरफेसिंगमधली रसिकता अशाच निवडींत दिसते.

जॅन ॲक्सेलसन यांनी पॅरलल पोर्ट, सीरियल पोर्ट आणि यूएसबी यांवर एकेक स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि एका विषयाला एक पुस्तक ही त्यांची पद्धत अनुकरणीय आहे. पॅरलल पोर्ट आता संगणकांवरून नाहीसा झाला असल्याने ते पुस्तक इतिहासजमा झाले. सीरियल पोर्टचे मात्र तसे नाही, कारण यंत्रसामग्रीत तो अजून टिकून आहे, आणि त्यातली आरएस-२३२ ही प्रणाली ‘एक’साठी ऋण आणि ‘शून्य’साठी धन दाब वापरत असल्यामुळे तिला थेट मायक्रोकंट्रोलर जोडला तर तो निकामी होऊ शकतो. मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप का लागते हे त्या पुस्तकाइतके स्पष्ट क्वचितच कोठे सांगितले असेल.

इटलीतल्या इव्ह्रेया येथे २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनो या तयार मायक्रोकंट्रोलर-बोर्डाने ही सगळी चढण एकदम सोपी केली. मास्सिमो बांझी यांची छोटी पुस्तिका आणि मायकेल मार्गोलिस यांचे ‘आर्डुइनो कुकबुक’ यांच्या बळावर शाळकरी मुलेही आठवड्याभरात संवेदक वाचू लागतात, आणि याचा आनंदच मानला पाहिजे. मात्र तयार मॉड्यूल तयार तारांनी जोडताना दाब-प्रवाहाचा प्रश्न नजरेआड होतो आणि बोर्ड बदलताच तो समोर येतो. एचसी-एसआर०४ हा अंतरमापक ५ व्होल्टचा प्रतिध्वनी-संदेश देतो. तो आर्डुइनो उनोला चालतो, पण ३.३ व्होल्टच्या रास्पबेरी पायला किंवा ईएसपी३२ ला थेट जोडणे धोक्याचे असते, आणि एक व दोन किलोओहमच्या रेझिस्टरांनी दाब विभागून द्यावा लागतो. रिलेच्या वेटोळ्यातला प्रवाह तोडताना उलट दिशेने उसळणारा दाब, यूएलएन२००३ मध्ये त्यासाठी आधीच बसवलेले डायोड, बटण एकदा दाबल्यावर संपर्क काही मिलिसेकंद थरथरून काउंटर चार-पाच अंकांनी पुढे जाणे, दोन नँड गेटांच्या लॅचने ती थरथर पुसून टाकणे : या सर्वांची उत्तरे जुन्या कुकबुकांत आणि होरोविट्झ-हिल यांच्याकडेच शोधावी लागतात.

जुन्या पुस्तकांतली मूळ ७४०० मालिका आता सहजी मिळत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बहुधा एलएस किंवा एचसी मालिका हाती पडते, आणि क्रमांक सारखा असला की पायांची मांडणीही बहुतांशी सारखीच असते. फरक मोकळ्या इनपुटाचा आहे. टीटीएलचे इनपुट मोकळे सोडले तर ते ‘एक’ असल्यासारखे वागते, आणि १९७० च्या दशकातली काही सर्किटे त्याच भरवशावर काढलेली असतात. एचसीचे मोकळे इनपुट मात्र हात जवळ नेला तरी डोलते, म्हणून ते १० किलोओहमच्या रेझिस्टरने पुरवठ्याला किंवा थेट जमिनीला बांधावे लागते. आप्पा बळवंत चौकातून आणलेले पुस्तक आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर मिळणारी चिप यांच्या वयात चाळीस वर्षांचे अंतर असू शकते.

घरातल्या विजेवर चालणारा दिवा किंवा पंखा जोडण्याच्या बाबतीत अमेरिकी पुस्तकांवर डोळे मिटून विसंबणे तर थेट घातक आहे. त्यांतली सर्किटे १२० व्होल्टसाठी असतात, ज्याचा शिखरदाब सुमारे १७० व्होल्ट येतो, तर भारतातल्या २३० व्होल्टचा शिखरदाब ३२५ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून पुस्तकात २०० किंवा ४०० व्होल्टचा ट्रायॅक दाखवला असेल तर येथे बीटी१३६ च्या ६०० व्होल्टच्या प्रकारासारखा घ्यावा, ऑप्टोकप्लरच्या बाजूचे रेझिस्टर नव्या दाबाप्रमाणे पुन्हा काढावेत, आणि हा भाग ब्रेडबोर्डवर कधीही न बांधता सोल्डर केलेल्या, नीट झाकलेल्या पट्टीवरच बांधावा.